वाचकांचे प्रश्न : वेब ॲपसाठी स्वतःचे फ्रेमवर्क

छोट्या संस्थांची कामे वेबवर आणून देणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच विषय निरनिराळ्या अंगांनी आला आहे : वेब ॲप झटपट उभे करता यावे म्हणून स्वतःचे साधे फ्रेमवर्क, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कोडचा तयार सांगाडा, लिहावे का, आणि लिहायचेच झाले तर कसे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रलेखक पायथॉन वापरत असल्यामुळे उदाहरणेही त्याच भाषेची घेतली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात शिकवतो आणि जोडीने ओळखीच्या संस्थांना लहान वेब ॲप करून देतो. एका पतसंस्थेच्या वसुलीच्या नोंदी आणि एका सार्वजनिक वाचनालयाची पुस्तक-देवघेव अशी दोन कामे झाली आहेत. तिसरे काम एका गृहनिर्माण संस्थेचे आहे. लॉगिन, याद्या, फॉर्म, पावत्या हे सारे दर वेळी नव्याने लिहावे लागते. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी एक भक्कम फ्रेमवर्क लिहून काढावे आणि पुढची सर्व कामे त्यावर करावीत, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : आपली गरज खरी आहे, कामाचा क्रम मात्र उलटा लावावा, असे आम्ही सुचवू. आज जी फ्रेमवर्क जगभर वापरात आहेत, त्यांतील नावाजलेली बरीचशी कोऱ्या कागदावर आराखडा मांडून लिहिलेली नाहीत, तर चालू कामातून उचलून बाजूला काढलेली आहेत. पायथॉनमधील जँगो या फ्रेमवर्कचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स येथे, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली झाला. ॲड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे तेथे वृत्तपत्राची संकेतस्थळे सांभाळत असत, आणि संपादकीय विभागाकडून नव्या मागण्या काही दिवसांच्या, क्वचित काही तासांच्याच मुदतीने येत. प्रत्येक नव्या विभागात तोच कोड पुन्हा लिहावा लागतो हे ध्यानात आल्यावर त्यांनी सामाईक भाग वेगळा केला, आणि जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. जँगोसोबत माहिती भरण्याचे तयार पडदे येतात, तेही त्या कचेरीचेच देणे आहे, कारण तेथे रोज मजकूर भरणारी माणसे प्रोग्रॅमर नव्हती. रूबी भाषेतील रेल्सची कुळकथाही अशीच आहे : डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प हे प्रकल्पांची कामे सांभाळणारे ॲप लिहिले आणि त्याच्या पोटातून रेल्स काढून २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे मुंबईत ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहिताना रुषभ मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो पाया रचला, तोच फ्रॅपे या नावाने स्वतंत्र फ्रेमवर्क म्हणून वापरला जातो.

पायथॉनमधीलच फ्लास्क हे फ्रेमवर्क याला अपवाद असल्याचे काही जण सांगतात, कारण आर्मिन रोनाखर यांनी १ एप्रिल २०१० रोजी एकाच फाइलमध्ये मावणारे एक ‘सूक्ष्म फ्रेमवर्क’ निव्वळ थट्टा म्हणून प्रसिद्ध केले होते. लोकांनी ती थट्टा इतकी मनावर घेतली की त्याच वर्षी खरेखुरे फ्लास्क अवतरले. परंतु त्या एका फाइलच्या आतसुद्धा वेर्कझॉइग (विनंत्या हाताळणारी) आणि जिंजा (पानांचे साचे भरणारी) या त्यांच्याच, आधीपासून वापरात मुरलेल्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, कोंबलेल्या होत्या. तेव्हा थट्टेलाही भांडवल जुन्या कामाचेच लागले.

म्हणून गृहनिर्माण संस्थेचे काम आधी साध्या फ्लास्कमध्ये पूर्ण करावे, ते संस्थेच्या हाती द्यावे, आणि मग तिन्ही ॲपचा कोड शेजारी शेजारी ठेवून वाचावा. तिन्हीकडे जे जवळजवळ अक्षरशः सारखे आहे तेवढेच उचलावे. दोनच ठिकाणी सारखे दिसते ते जागच्या जागी राहू द्यावे. आपल्या यादीतील लॉगिन आणि पानापानांनी दिसणारी, शोधता येणारी यादी या दोन गोष्टी या कसोटीला उतरतील, असे वाटते. पावतीबद्दल आम्हांला शंका आहे. पतसंस्थेच्या पावतीचा क्रमांक आर्थिक वर्षाबरोबर १ एप्रिलला नव्याने सुरू होत असेल, गृहनिर्माण संस्थेची पावती सदनिकेच्या क्रमांकाला बांधलेली असेल, आणि वाचनालयात वर्गणी व अनामत यांच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्या लागत असतील. या तिघांना एका साच्यात बसवायला गेल्यास साच्याला इतके पर्याय जोडावे लागतात की ते भरत बसण्यापेक्षा पावतीचा कोड हाताने लिहिणे सोपे पडते. फ्रेमवर्क बिघडते ते बहुधा अशाच ठिकाणी, नको असलेल्या सामाईकपणापायी.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगायला हवी. आपल्या बहुतेक कामांत दहा-बारा टेबले, त्यांचे फॉर्म आणि त्यांच्या याद्या एवढेच असेल, तर जँगो किंवा फ्रॅपे यांत ते आधीच केलेले आहे. फ्रॅपेमध्ये एखाद्या नोंदीचे रकाने आणि त्यांचे प्रकार सांगितले की डेटाबेसमधील टेबल, भरण्याचा फॉर्म, यादी आणि कोणाला काय पाहता येईल याचे नियम त्या वर्णनावरूनच उभे राहतात. शिवाय संस्थेच्या दृष्टीने पाहिले, तर उद्या आपण बदली होऊन दूर गेलात तरी जँगो जाणणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल. आपले फ्रेमवर्क जाणणारा कोठेही मिळणार नाही. स्वतःचे फ्रेमवर्क संस्थेच्या गळ्यात घालायचे असेल, तर ते इतके लहान असावे की अनोळखी प्रोग्रॅमरला एका बैठकीत संपूर्ण वाचता यावे. आमच्या मते ही मर्यादा दोन-तीनशे ओळींची आहे.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फ्लास्क वापरता येते, पण आत काय चालते ते कळत नाही. शिकण्यासाठी म्हणून अगदी लहान फ्रेमवर्क लिहायचे असेल, तर त्यात किमान काय असावे?

उत्तर : शिकण्यासाठी लिहीत असाल, तर वरच्या उत्तरातील सबुरीचा सल्ला आपल्याला लागू नाही, आजच सुरुवात करा.

सुरुवात सर्व्हर आणि ॲप यांच्यातील करारापासून करावी. सर्व्हर आणि प्रोग्रॅम यांना जोडण्याच्या, १९९३ पासून चालत आलेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करी, आणि तेवढ्यातच बराच वेळ जाई. पायथॉनमध्ये पुढे निरनिराळी फ्रेमवर्क निघाली, तेव्हा कोणते फ्रेमवर्क कोणत्या सर्व्हरवर चालेल याचा गोंधळ झाला. तो मिटवण्यासाठी २००३ मध्ये फिलिप एबी यांनी डब्ल्यूएसजीआय नावाचा करार मांडला, आणि पायथॉन ३ साठी तो २०१० मध्ये सुधारून घेण्यात आला. करार अगदी थोडक्यात असा : आपले ॲप म्हणजे एक फंक्शन. सर्व्हर त्याला दोन गोष्टी देतो, एक डिक्शनरी आणि एक फंक्शन. डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संचात, विनंतीची पद्धत (पान मागणारी गेट, फॉर्म पाठवणारी पोस्ट वगैरे), पानाचा पत्ता (यूआरएल), प्रश्नचिन्हापुढचा मजकूर, हेडर (सोबतची माहिती) आणि फॉर्ममधून आलेला मजकूर वाचण्यासाठीचा प्रवाह एवढे सारे असते. ॲपने मिळालेल्या फंक्शनला उत्तराचा स्थितिक्रमांक आणि हेडर सांगायचे, आणि उत्तराचा मजकूर बाइटच्या तुकड्यांत परत करायचा. हा करार इतका आटोपशीर आहे की कोणतेही फ्रेमवर्क न घेता दहा-बारा ओळींत चालते ॲप लिहिता येते आणि पायथॉनसोबतच येणाऱ्या डब्ल्यूएसजीआयरेफ या मॉड्यूलमधील सर्व्हरवर ते पाहता येते. हे एकदा स्वतःच्या हातांनी केल्यावर फ्लास्कचे गूढ बरेचसे ओसरते.

यापुढे फ्रेमवर्क म्हणून जे उरते ते मुख्यतः पत्त्यावरून योग्य फंक्शन निवडण्याचे काम. त्यासाठी पद्धत आणि पत्त्याचा नमुना यांची एक यादी ठेवावी. फंक्शनच्या वर डेकोरेटर, म्हणजे @ ने सुरू होणारी ओळ, लावला की ते त्या यादीत नोंदले जाते, यापलीकडे त्यात जादू नाही. येथे एक बारकावा पाळावा. पत्ता मुळीच ओळखीचा नसेल तर उत्तर ४०४ द्यावे, पण पत्ता ओळखीचा असून पद्धत चालणारी नसेल तर ४०५ द्यावे आणि कोणत्या पद्धती चालतात तेही हेडरमध्ये सांगावे. घाईत लिहिलेली फ्रेमवर्क दोन्हीकडे ४०४ देतात, आणि मग फॉर्म पाठवण्याची पद्धत चुकलेला माणूस पत्त्यातील चूक शोधत बसतो.

विनंती उलगडताना साधा फॉर्म पायथॉनच्या अंगच्या लायब्ररीने वाचता येतो. फाइल चढवण्याचा फॉर्म मात्र अवघड आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यासाठी सीजीआय मॉड्यूल वापरलेले दिसेल. ते पायथॉन ३.१३ मधून काढून टाकलेले आहे. तेव्हा फाइल वाचण्यासाठी तयार लायब्ररी घ्यावी. एचटीएमएलच्या टेम्प्लेटसाठीही, म्हणजे पानाच्या साच्यासाठीही, जिंजाच घ्यावी. टेम्प्लेटची भाषा स्वतः लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, आणि सुट्टी संपते ती त्यातच.

उत्तर परत करण्याच्या भागात पुनर्निर्देशनाची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी. फॉर्म पाठवल्यावर त्याच विनंतीच्या उत्तरात थेट ‘नोंद झाली’ असे पान दाखवले आणि वापरणाऱ्याने पान ताजे केले, तर ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवू पाहतो. मध्ये येणारी सूचना न वाचता माणूस होकार देतो, आणि एका हप्त्याच्या दोन पावत्या होतात. नोंद केल्यावर ३०३ क्रमांकाने दुसऱ्या पत्त्याकडे पाठवले की ब्राउझर ते पान नव्याने मागतो, आणि ताजे करण्याने काही बिघडत नाही. पैशांच्या नोंदींत एवढ्यावरही विसंबू नये : फॉर्ममध्ये एक एकदाच वापरायची खूण घालावी आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्याला एकमेवतेचा नियम लावावा, म्हणजे बटण दोनदा दाबले गेले तरी दुसरी नोंद नाकारली जाईल.

हे लिहून झाल्यावर बॉटल या फ्रेमवर्कचा कोड वाचावा. तेही एकाच फाइलमध्ये आहे आणि पायथॉनच्या अंगच्या लायब्ररीपलीकडे त्याला काही लागत नाही. लहान फ्रेमवर्क म्हणजे खेळणे, असे मात्र समजू नये. २००५ मध्ये रेडिट लिस्पमधून पायथॉनमध्ये नव्याने लिहिले गेले, तेव्हा त्यामागे एरन स्वॉर्ट्झ यांचे वेब.पाय हे असेच आटोपशीर फ्रेमवर्क होते.

प्रश्न : कोल्हापूर भागातील एका वाचनालयाची सूची मी स्वतःच्या लहानशा फ्रेमवर्कवर बसवली आहे. इंग्रजी नावांना काही अडचण येत नाही. मराठी पत्ते मात्र तुटतात, काही पाने अर्धवट दिसतात आणि सूचीत असलेली नावे शोधात सापडत नाहीत. चूक कोठे असावी?

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, आणि इंग्रजीपुरती चाचणी घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती फ्रेमवर्कमध्ये ती सापडतात.

पानापासून सुरुवात करू. उत्तराची लांबी हेडरमध्ये बाइटमध्ये सांगायची असते, अक्षरांमध्ये नव्हे. इंग्रजीत दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून चूक दडून राहते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतात ३ बाइट घेते. ‘नमस्कार’ या शब्दात ७ चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. आपण लांबी ७ सांगितलीत तर ब्राउझरपर्यंत ‘नम’ आणि तिसऱ्या चिन्हाचा एक तुकडा एवढेच पोहोचते. मजकूर आधी बाइटमध्ये बदलावा आणि मगच त्याची लांबी मोजावी.

पत्त्यांची गोष्ट थोडी विचित्र आहे. वर सांगितलेल्या करारानुसार पायथॉन ३ मध्ये सर्व्हर पत्त्याचे बाइट लॅटिन-१ या युरोपीय अक्षरांच्या संकेतातले समजून मजकुरात बदलतो आणि आपल्या हाती देतो. त्यामुळे मराठी पत्ता आपल्याला अगम्य चिन्हांच्या रूपात मिळतो. तो लॅटिन-१ ने पुन्हा बाइटमध्ये नेऊन यूटीएफ-८ ने वाचावा लागतो. फ्लास्क आणि जँगो हे गुपचूप करून देतात, म्हणून त्यांच्या वापरकर्त्याला याचा पत्ताही नसतो. दुसरा दोष आपल्या नमुन्यांमध्ये असणार. पत्त्यातील शब्द ओळखण्यासाठी नियमित पदावलीतील (रेग्युलर एक्सप्रेशनमधील) ‘शब्दचिन्ह’ \w वापरले असेल, तर पायथॉनच्या लेखी त्यात अक्षरे आणि अंक येतात, परंतु काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त येत नाहीत. ‘ग्रंथालय’ या शब्दावर हा नमुना चालवून बाकीची चिन्हे गाळली की ‘गरथलय’ उरते. जँगोच्या पत्ते बनवणाऱ्या फंक्शनला युनिकोड, म्हणजे इंग्रजीबाहेरची अक्षरे, राखायला सांगितले तरी ते नेमके हेच करते, तेव्हा हा दोष घरगुती कामातच असतो असे नाही. नमुना ‘तिरक्या रेघेखेरीज काहीही’ असा लिहावा. खरे तर पत्त्यात पुस्तकाचा क्रमांकच ठेवावा, असे आम्हांला वाटते. ‘ग्रंथालय’ हा एक शब्द ब्राउझरच्या सांकेतिक रूपात ७२ चिन्हांचा होतो, आणि असा पत्ता कोणी संदेशात चिकटवला की टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते.

शोधाचा प्रश्न सर्वांत कठीण. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, आणि युनिकोडचे प्रमाणित रूपांतर (नॉर्मलायझेशन) चालवले तरी ती एक होत नाहीत. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्ध्या ‘र’चे तसेच : काही कळफलक ‘ऱ’ आणि हलन्त लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह लिहितात. नोंद एका कळफलकावर झाली आणि शोध दुसऱ्यावर झाला की नाव हरवते. यावर उपाय फ्रेमवर्कमध्येच करावा, आणि स्वतःचे फ्रेमवर्क असण्याचा खरा लाभ आम्हांला येथेच दिसतो. फॉर्म वाचला जातो त्या एकाच जागी प्रमाणित रूपांतर करावे, ‘अ’ आणि चंद्राची जोडी एका चिन्हात बदलावी, जॉइनर असलेल्या ‘र’चा ‘ऱ’ करावा, आणि त्यानंतरच उरलेले न दिसणारे जॉइनर काढावेत. हा क्रम बदलून जॉइनर आधी काढले, तर अर्ध्या ‘र’चा रफार होतो. शोधाचा मजकूरही याच जागेतून जाऊ द्यावा, आणि जुन्या नोंदींवर हेच फंक्शन एकदा चालवून घ्यावे.

आपण विचारलेले नाही, परंतु यादीचा क्रमही तपासावा. संगणकाच्या क्रमात ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच नंतर येते आणि ‘ॲ’ थेट ‘ह’च्याही पुढे जाते, शब्दकोश वापरणाऱ्या वाचकाला हे खटकते. एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमध्ये पायथॉनमधून स्वतःचा वर्णक्रम नोंदवता येतो, तो एकदा लिहून ठेवावा. अंकांच्या बाबतीत मात्र पायथॉन उदार आहे : कोणी मजकुराच्या रकान्यात ‘१२५’ असे देवनागरीत लिहिले, तरी त्याचे पूर्णांकात रूपांतर तक्रारीविना होते.

प्रश्न : स्वतःच्या फ्रेमवर्कमध्ये सुरक्षिततेचे काय? आमचे ॲप गावातील दोन-तीनशे सभासदच वापरतात.

उत्तर : सभासद किती, याला महत्त्व नाही. वेबवर ठेवलेल्या प्रत्येक पत्त्यावर उघड्या फटी शोधणारे प्रोग्रॅम सतत येत असतात, आणि ते गाव पाहत नाहीत.

लॉगिन, सेशन आणि पासवर्ड यांत स्वतःची कल्पकता मुळीच वापरू नये. पासवर्ड साठवण्यासाठी पायथॉनच्या हॅशलिबमधील एस-क्रिप्ट (scrypt) हे फंक्शन, सेशनची (लॉगिन टिकवणारी) खूण तयार करण्यासाठी सीक्रेट्स मॉड्यूल, आणि कुकीवर एचटीटीपीओन्ली, सिक्युअर व सेमसाइट या तिन्ही खुणा, एवढे निमूटपणे घ्यावे. डेटाबेसला विचारण्याच्या एसक्यूएल भाषेतील वाक्यात मूल्ये जोडून वाक्य बनवू नये, ती वेगळी द्यावीत. फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसला विचारणारे एकच फंक्शन ठेवले, तर ही शिस्त पाळली जाते की नाही ते तपासणे सोपे जाते. एक सापळा खास घरगुती फ्रेमवर्कचा आहे. फ्लास्कमध्ये एचटीएमएल टेम्प्लेटमधील मजकूर आपोआप निर्धोक केला जातो, म्हणजे त्यातील एचटीएमएलची चिन्हे निष्प्रभ होतात, म्हणून जिंजा हे स्वतःहून करते असा समज होतो. प्रत्यक्षात जिंजा थेट वापरल्यास ही सोय मुळात बंद असते आणि ती आपण चालू करायची असते.

सोयीच्या नावाखाली होणारी आणखी एक चूक मोठ्यांनीही केली आहे. फॉर्ममधील सर्व रकाने एका ओळीत नोंदीमध्ये ओतण्याची सोय रेल्समध्ये होती, आणि कोणते रकाने चालतील हे सांगण्याची सक्ती नव्हती. मार्च २०१२ मध्ये एका संशोधकाने नेमक्या याच फटीतून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील रेल्सच्या कोडभांडारात स्वतःला लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला. त्यानंतर रेल्सच्या चौथ्या आवृत्तीपासून चालणाऱ्या रकान्यांची यादी देणे आवश्यक झाले. झटपट काम करणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये हीच सोय सर्वांत आधी सुचते. सभासदाच्या नोंदीत ‘व्यवस्थापक आहे का’ असा रकाना असेल, तर फॉर्ममध्ये तो नसूनही कोणी तो पाठवू शकतो, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागेल तो कोड लिहून देतात. मग फ्रेमवर्क हवेच कशाला?

उत्तर : लिहिण्याचे श्रम वाचतात, तपासण्याचे वाचत नाहीत. चाळीस फॉर्म असतील आणि प्रत्येकात पडताळणीचा कोड वेगळा लिहिलेला असेल, तर चाळीस जागा वाचाव्या लागतात. तो एका जागी असेल तर एकच. अशा साधनांकडून काम करून घेतानाही ‘ही जागा वापर’ असे सांगता आले, तर निघणारा कोड आखूड आणि वाचण्याजोगा असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत विंडोजचा एकच संगणक आहे. ॲप त्यावरच चालवायचे आहे. सर्व्हर कोणता घ्यावा, आणि डेटाबेसची प्रत कशी ठेवावी?

उत्तर : डब्ल्यूएसजीआयरेफचा सर्व्हर केवळ चाचणीपुरता वापरावा. गनिकॉर्न हा सर्व्हर विंडोजवर चालत नाही. वेट्रेस चालतो, तो घ्यावा. एका शाळेच्या कामाला एसक्यूलाइट पुरते. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो, परंतु वॉल (WAL), म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये टिपण्याची पद्धत, चालू केल्यास लिहिणे चालू असतानाही इतरांचे वाचणे थांबत नाही. ॲप चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करून पेन ड्राइव्हवर नेऊ नये, कारण लिहिणे अर्ध्यावर असताना घेतलेली प्रत बिघडलेली निघू शकते. पायथॉनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये बॅकअपचे फंक्शन आहे. ते चालू ॲपमधूनही सुसंगत प्रत काढते. शाळा सुटल्यावर रोज ते आपोआप चालेल असे विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये लावून ठेवावे, आणि त्या प्रतीवर ॲप खरोखर उघडते की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे.